मोकळं मशीन

माझा स्वभाव तापट आहे असं शारदा म्हणते. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोचं मत खोडून काढण्यात अर्थ नसतो, म्हणून मी एवढंच म्हणेन की मला फक्त दोन गोष्टींचा राग येतो. एक पातळ वरण, आणि दुसरी बंद डबा.

वरणाचं सोडा. बंद डब्याचं सांगतो. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, जळगाव-धुळ्याकडच्या एक्स्चेंजांमध्ये. तिथं प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून नकाशा चिकटवलेला असायचा. कुठली तार कुठं जाते, कुठला रिले कशासाठी, सगळं त्यात. दार उघडायचं, नकाशा वाचायचा आणि कामाला लागायचं. निवृत्त झाल्यावर आम्ही अमोघकडे, म्हणजे मुलाकडे, महाळुंग्याला राहायला आलो. तो हिंजवडीत नोकरीला. त्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिला, तेव्हा मी आधी स्क्रू काढून त्याचं झाकण उघडलं आणि आतून नकाशा शोधला. तो नव्हता. अमोघ म्हणाला, "बाबा, असा नकाशा कुठलीच कंपनी देत नाही." त्या दिवसापासून माझं आणि कॉम्प्युटरचं वाकडं आहे. त्या वाकड्यातूनच मी तो शिकलो.

गेणबाची आणि माझी ओळख झाली ती शारदाच्या पिठलं-भाकरीमुळे. ताम्हिणीच्या एका ढाब्यावर पिठलं चांगलं मिळतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. स्कूटरवरून गेलो. पिठलं ठीकच होतं, पण परत निघताना पावसानं गाठलं आणि स्कूटर बंद पडली. रस्त्याकडेला पहिलं घर दिसलं त्यात शिरलो. घर गेणबाचं. त्यानं घोंगडी दिली, त्याच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, काळा चहा दिला, आणि पाऊस थांबायची वाट बघत आम्ही ओट्यावर बसलो. तेवढ्यात त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं.

"त्यो कडा हलतुया, पंत. मागल्या टायमाला माझा गोठा घिऊन गेला. खाली वाडी हाय, लेकराबाळांची. लई पाऊस झाला की म्या वरडत खाली पळतो, उठा उठा म्हणून. पर पावसात माझा आवाज कुटं जातोय?"

माणसं येतात, चहा पितात, हळहळतात आणि जातात. मला तसं जमलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी मी त्याच्या माळ्यावर अमोघचा तो जुना कॉम्प्युटर बसवला. बाहेर पाऊस मोजणारं एक यंत्र, भरलं की उलटणारी डबी, तिची तार कॉम्प्युटरला. आणि कॉम्प्युटरपासून एक तार भंगारात मिळालेल्या गिरणीच्या भोंग्याला. थोडक्या वेळात फार पाऊस पडला की भोंगा वाजणार आणि वाडीनं उठून वरच्या देवळात जायचं. लाइट गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मशीन काही तास चालायचं. बॅटरी संपली की झोपायचं, आणि लाइट आली की आपोआप उठायचं. तशी मी तार जोडून ठेवली होती.

उठायचं, पण कामाला लागायचं नाही. इथं माशी शिंकली.

कॉम्प्युटर चालू केला की बाकी सगळं उठायच्या आधी एक लहानसा प्रोग्रॅम उठतो. तो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लिहिलेला असतो आणि तोच बाकीच्यांना उठवतो. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाईच समजा. त्याला फर्मवेअर म्हणतात. या बाईला वेळ-काळ आणि घरच्या सूचना लक्षात राहाव्यात म्हणून बोर्डावर एक बटणाएवढी बॅटरी असते. ताम्हिणीची ओल त्या बॅटरीला महिनाभरसुद्धा जगू देईना. मग लाइट जाऊन आली की फर्मवेअर सगळं विसरायचं, घाबरायचं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहायचं: पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. आणि थांबून राहायचं. पाऊस कोसळतोय, कडा सुटायला आलाय, आणि हे महाशय बटणाची वाट बघत बसलेत!

"हा प्रश्न विचारू नकोस" अशी सूचना त्याला देता यायची, पण तीही त्या बॅटरीवरच लक्षात राहणार. म्हणजे विसरणाऱ्याला विसरू नकोस म्हणून सांगण्यासारखं.

गेणबाला मी सांगितलं, "मशीन उठलं की विचारतं, पुढं जाऊ का? तुम्ही हे बटण दाबायचं."

"म्हंजी व्हय म्हणायचं."

"हो, तेच."

तेव्हापासून लाइट आली की गेणबा शिडी चढून माळ्यावर जायचा, एफ-वन दाबायचा आणि मोठ्यानं "व्हय" म्हणायचा. बटण दाबलं तरी पुरे असं मी त्याला दोनदा समजावलं. तुळजाबाई म्हणाल्या, "राहू द्या पंत. माझ्या हाकेला उभ्या जन्मात व्हय दिला न्हाई, निदान मशिनीला तरी देतोय."

एक पावसाळा असा गेला. भोंगा दोनदा वाजला, वाडी दोनदा देवळात जाऊन बसली. कडा सुटला नाही, पण वाडी पहिल्यांदा निर्धास्त झोपायला लागली. गेणबा मात्र आषाढ ते भाद्रपद घर सोडून कुठं गेला नाही. बाजार नाही, पाहुणे नाहीत, पौडला तालुक्याच्या कामालासुद्धा नाही. कधी लाइट येईल आणि मशीन विचारेल याचा नेम नाही. एकदा त्यानं वाडीतल्या कुशाबाला बसवलं. कुशाबानं शेजारचं बटण दाबलं, पडदा निळा झाला आणि मशीन दिवसभर तसंच बसून राहिलं. त्या दिवशी पाऊस बेताचा होता म्हणून निभावलं. गेणबानं नंतर कुणालाच शिडी चढू दिली नाही.

हे सगळं तसंच चाललं असतं. पण दोन हजार आठच्या उन्हाळ्याच्या अखेरीला तुळजाबाईंच्या डोळ्यांचं निघालं. डावा डोळा अंधुक झाला होता तो त्यांनी वयावर घातला होता. शारदा त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डावा गेल्यातच जमा आहे, गेलेली नजर परत येत नसते. उजव्याचं ऑपरेशन लवकर करा, दिवाळीची वाट बघाल तर तोही जाईल. ऑपरेशननंतर काही आठवडे पुण्यातच राहायचं, वरचेवर दाखवायचं, दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे. तारीख मिळाली ती ऐन आषाढातली.

"म्या एकली जायाची न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "दिसंना तवा हात कुणाचा धरू? ह्यो संगं आला तर जाते."

गेणबा म्हणाला, "आन म्या गेल्यावर लाइट गेली तर? खाली वाडी हाय."

"मी येऊन राहतो," मी म्हणालो.

शारदानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझा दमा तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. ताम्हिणीच्या ओलीत मला दुसऱ्या दिवशी उचलून आणावं लागलं असतं, म्हणजे एक रुग्ण पुण्यात आणि दुसरा घाटात. गेणबानंही नकारार्थी मान हलवली.

नवरा-बायको एकमेकांकडे न बघता बसले होते. एका बाजूला तिचा डोळा, दुसऱ्या बाजूला वाडी, आणि मधे एक बटण. त्या बटणाचा मला इतका संताप आला की मी परतीच्या वाटेवर स्कूटरवर मोठमोठ्यानं बोलत होतो. शारदा मागून म्हणाली, "अहो, शिव्या द्यायच्या असतील तर स्कूटर थांबवून द्या."

उपाय मला माहीत होता. त्या फर्मवेअरच्या जागी दुसरं फर्मवेअर टाकायचं, न विचारणारं. काही परदेशी मंडळींनी असं एक लिहून जगाला वाचायला खुलं ठेवलं होतं. आधी त्याला लिनक्सबायोस म्हणत, त्याच वर्षी नाव बदलून कोअरबूट केलं होतं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला बदलायचं त्यानं बदलावं. माझ्या एक्स्चेंजच्या कपाटासारखं, आतून नकाशा चिकटवलेलं! इंटरनेटवर ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. शारदाला वाटलं कुणीतरी वारलं.

अडचण एवढीच की ते वाटेल त्या कॉम्प्युटरवर चालत नाही. अमोघच्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं. ठरावीक मदरबोर्ड लागतात, आणि ते शोधायचे कुठं? मी पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानांचे जिने चढलो. एकानं विचारलं, "काका, विंडोज टाकून देऊ का?" दुसऱ्यानं बोर्डाच्या खोक्यावरची चकचकीत गाडी दाखवली आणि हा लेटेस्ट आहे म्हणाला. फर्मवेअर हा शब्द ऐकून तिसऱ्यानं मला गारमेंटच्या दुकानाचा पत्ता सांगितला, देवाशप्पथ.

अमोघ म्हणाला, "बाबा, नवीन बोर्ड घेऊन उपयोग नाही. त्यांची माहिती कंपन्या बाहेर देत नाहीत. ज्यांच्यावर हे चालतं ते बोर्ड जुने आहेत, आमच्या ऑफिसांनी कधीच टाकून दिलेले."

"टाकून दिलेले कुठं जातात?"

"भंगारात."

हिंजवडीच्या कंपन्यांचं भंगार त्या काळी माणच्या रस्त्यावर कैलासकडे यायचं. कैलास तिथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. घरची बरीचशी जमीन कंपन्यांखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यानं पत्र्याची शेड टाकली आणि त्याच कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर तो विकत घेऊ लागला. शेडमध्ये छतापर्यंत डबे रचलेले. मी गेलो तेव्हा तो त्यातल्याच एका डब्यावर बसून मिसळ खात होता.

मी त्याला समजावायला बसलो. फर्मवेअर म्हटलं असतं तर त्यानंही मला कापडाच्या दुकानात पाठवलं असतं, म्हणून सोप्या मराठीत सांगितलं. "हे बघ, सगळी मशीनं आतून बंद असतात. कंपनीनं कुलूप घातलेलं असतं. मला मोकळं मशीन पाहिजे. मोकळं. समजलं?"

"मोकळं व्हय? मंग अवघड काय त्यात, काका? आठ दिसांनी या."

मी खूश होऊन घरी आलो. सोपं बोललं की माणसाला कळतं, असं शारदाला वर सुनावलंसुद्धा.

आठ दिवसांनी गेलो, तर कैलासनं पत्र्याच्या शेडबाहेर चिंचेखाली मदरबोर्ड ओळीनं मांडून ठेवले होते. रिकामे. मेमरीच्या पट्ट्या काढलेल्या, प्रोसेसर काढलेले, पंखे काढलेले, जे जे म्हणून हातानं निघतं ते ते सगळं काढलेलं.

"घ्या," तो म्हणाला. "मोकळी करून ठिवलीत. दोन गडी लावलं व्हतं."

मला पहिल्यांदा काही सुचेना. मग एकदम सुचलं आणि मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाजूच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली. कैलास शांतपणे ऐकून घेत होता.

"काका, तुमीच म्हणला ना मोकळं पायजे? मोकळा टेम्पो, मोकळी खोली, मोकळं पोतं. मोकळं म्हंजी आत काय नसल्यालं. दुसरं काय असतंय?"

शब्द त्याचाही तितकाच होता जितका माझा. मी एका दगडावर बसलो. आषाढ तोंडावर आला होता आणि मी भंगारवाल्याशी मराठीवर वाद घालत होतो. तुळजाबाईंचा डोळा गेला तर तो कुणाच्या नावावर मांडायचा, असा विचार मनात आला.

उगीच काहीतरी करायचं म्हणून मी एक बोर्ड उचलून वाचला. मग दुसरा. चौथा का पाचवा बोर्ड हातात घेतला आणि त्यावर छापलेलं नाव पाहिलं. हाच! परदेशी मंडळींनी ज्याच्यावर कोअरबूट चालवून पाहिलं होतं त्यातलाच हा. शेजारी आणखी एक तसाच. आणि दोघांच्याही कोपऱ्यात फर्मवेअरच्या चिपची खोबण रिकामी.

आता हे नीट समजून घ्या. पुष्कळ बोर्डांवर ही चिप सोल्डर करून डागलेली असते, निघत नाही. त्यावर नवं फर्मवेअर लिहिताना काही चुकलं की बोर्ड कायमचा गेला. काही बोर्डांवर मात्र ती खोबणीत नुसती दाबून बसवलेली असते, नखानं उचकटली की निघते. मला निघणारीच हवी होती. आणि कैलासच्या गड्यांनी कसलाही विचार न करता, जिथं जिथं चिप निघते तिथली तिथली काढून टाकली होती.

"चिपा कुठं आहेत?" मी ओरडलो.

"टाकतोय व्हय काय?" कैलासनं लोणच्याची प्लास्टिकची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. आत काळ्या चिपा गच्च भरलेल्या, पाय वर करून पडलेल्या खेकड्यांसारख्या. म्हणजे माझ्याकडे बोर्ड दोन आणि चुका करायला चिपा बरणीभर. मी उठून कैलासला मिठी मारली. मघाशी बाहेर आलेली माणसं अजून तिथंच होती, त्यांना माझ्या डोक्याविषयी खात्री पटली असावी.

बरणी घरी आली, दोन बोर्ड आणि त्यांचे काढलेले प्रोसेसर, मेमरी, पंखेही आले. चिपांना मोहरीचा वास येत होता आणि कितीतरींचे पाय वाकलेले होते. शारदा चष्मा लावून, भुवया कोरायचा चिमटा घेऊन बसली आणि तिनं एकेक पाय सरळ केला. "तांदूळ निवडण्यापेक्षा हे बरं," ती म्हणाली, "यात खडे नाहीत."

चिपवर लिहिण्याची रीत अशी की जुन्या चिपवर मशीन चालू करायचं, ते चालू असतानाच ती चिप उपसून काढायची, तिच्या जागी दुसरी दाबायची आणि तिच्यावर नवं फर्मवेअर लिहायचं. चालत्या बैलगाडीचं चाक बदलण्याचा प्रकार. शारदा मेन स्विचवर हात ठेवून उभी राहायची आणि डोळे मिटून घ्यायची. पहिली चिप लिहिली, मशीन बंद करून चालू केलं, काहीच नाही. दुसरी, काहीच नाही. मी प्रोग्रॅम पुन्हा वाचायचो. हो, वाचायचो! ते सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. कुठल्या ओळीत मेमरी जागी होते, कुठल्या ओळीत घड्याळ तपासतात, सगळं उघड्यावर मांडलेलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाला मी माझी अडचण विचारली, त्यानं ओळखदेख नसताना सविस्तर उत्तर पाठवलं आणि माझी चूक कुठं आहे ते दाखवलं.

त्यानंतर एका सकाळी, शारदा पोहे भाजत असताना, तारेनं जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओळ उमटली. मग धडाधड ओळी आल्या आणि मशीन उठलं. बटण नाही, प्रश्न नाही. बोर्डावरची बॅटरी मी काढून खिशात ठेवली आणि पुन्हा चालू केलं. तरी उठलं. मी शारदाला हाक मारली, पण तोंडातून शब्द न येता नुसता आवाजच आला. ती झारा घेऊन धावत आली. तिला वाटलं दमा.

त्याच आठवड्यात मी मशीन ताम्हिणीला नेऊन माळ्यावर बसवलं. गेणबासमोर मेन स्विच बंद केला, चालू केला. मशीन उठलं आणि कामाला लागलं. गेणबानं पडद्याकडे पाहिलं, मग कीबोर्ड ठेवायची ती जागा पाहिली. कीबोर्ड मी काढूनच टाकला होता.

"न्हाई इचारलं," तो म्हणाला.

"आता नाही विचारणार. तुम्ही जा पुण्याला."

ते गेले. ऑपरेशन झालं. शारदा जेवणाचा डबा घेऊन जायची आणि येऊन सांगायची की गेणबा थेंबांच्या वेळा घड्याळाशिवाय पाळतो आणि तुळजाबाईंचा हात सोडत नाही. श्रावणात ताम्हिणीला पावसानं थैमान घातलं. दोन दिवस लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी कुशाबाचा फोन आला. तो रागानं फणफणत होता.

"पंत, तुमचं मशीन येडं झालं का काय? लाइट आली आन जरा येळानं बोंबलाया लागलं. बायका-पोरं घिऊन चिखलातनं द्येवळात गेलो. भाताची लावणी टाकून गेलो! चार तास बसलो. कायबी झालं न्हाई!"

"कायबी झालं नाही ना? मग छान."

"छान काय छान!" असं म्हणून त्यानं मला अस्सल मावळी शिव्या दिल्या. त्या शिव्या मला श्रीखंडासारख्या गोड लागल्या. घरात कुणी नसताना, कुणी बटण न दाबता, मशीन आपलं आपण उठलं होतं. मी शारदाला म्हणालो, तुळजाबाईंना सांग, खुशाल राहा.

गौरी यायच्या आधी दोघं घरी परतले. उजवा डोळा वाचला होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तुळजाबाईंनी शारदाच्या साडीचा रंग बरोबर ओळखला, काठांसकट, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मलाही राहवलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली आणि थोड्या वेळानं आली. गेणबा बोलता बोलता उठला आणि सवयीनं शिडी चढून गेला. बराच वेळ खाली येईना म्हणून मी मागोमाग गेलो. तो मशीनसमोर उभा होता, एक बोट पुढे काढलेलं. मशीन केव्हाच कामाला लागलं होतं.

"ह्याला आता माझी गरज न्हाई," तो म्हणाला.

"अहो, चांगलंच झालं की. तुम्ही मोकळे झालात."

"व्हय," तो म्हणाला, "झालो मोकळा." आणि शिडी उतरून, आमच्याकडे न बघता गोठ्याकडे निघून गेला.

त्यानं तो शब्द कैलासच्या अर्थानं उच्चारला होता. मोकळी खोली, मोकळं पोतं. मला ते घरी येईपर्यंत कळलं नाही आणि कळल्यावर जेवण गोड लागलं नाही. सबंध पावसाळा ज्या माणसाच्या एका होकारावर वाडी झोपत होती, त्याच्या हातातून मी तो काढून घेतला होता. काढायला हवाच होता. तरी जीव तुटायचा तो तुटलाच.

शारदा म्हणाली, "तुमचं ते मोकळं आहे ना? वाचता येतं, बदलता येतं म्हणता. मग बदला की."

पुन्हा बरणी काढली. चिपा अजून शिल्लक होत्या.

पुढच्या खेपेला मी नवी चिप घेऊन ताम्हिणीला गेलो, बसवली आणि शारदाशिवाय कुणाला काही न सांगता खाली येऊन ओट्यावर बसलो. तुळजाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या, गेणबा दोरीसाठी वाकाला पीळ देत होता. शारदानं आत जाऊन मेन स्विच बंद करून चालू केला. माळ्यावरून दोनदा आवाज आला, टूं, टूं, जुन्या टेलिफोनच्या घंटीच्या चालीवर. मग शांतता.

गेणबानं मान वर केली. "ह्ये काय?"

"विचारतंय. पुढं जाऊ का म्हणून."

गेणबाचा हात थांबला. त्यानं तिथूनच, ओट्यावरूनच, माळ्याकडे तोंड करून खणखणीत आवाज दिला, "व्हय!" आणि जरा वेळानं मशीन सुरू झालं.

मला त्याला फसवायचं नव्हतं. मी म्हणालो, "गेणबा, एक सांगतो. ते तुमच्यासाठी अडून राहत नाही. दहा आकडे मोजेपर्यंत थांबतं आणि मग आपलं आपण सुरू होतं. तुम्ही घरात असा, नसा. व्हय म्हणा, न्हाई म्हणा."

मला वाटलं त्याचा चेहरा पडेल. तो हसला.

"कळतंय मला, पंत. आवं, पाव्हणा जायाला निघाला की दारात इचारतोय, येऊ का म्हणून. आपुन नगं म्हणलं म्हणून कोण ऱ्हातंय का? तरी इचारत्यात. न इचारता गेला तर बरं वाटंल व्हय?"

तुळजाबाई सुपातून डोकं न काढता म्हणाल्या, "आता ओट्यावरनं व्हय देतोय. माझ्या हाकेला कवा देणार, त्ये इचारा."

"हाक तर मार," गेणबा म्हणाला.

त्यांनी मारली नाही. पण हसताना वाचलेला उजवा डोळा पदरानं पुसला, डॉक्टरांनी पुसू नका म्हणून बजावलं होतं तरी.

आभाळ भरून येत होतं, घाट उतरायच्या आत निघायला हवं होतं. शारदा मागे बसली. मी स्कूटरला किक मारली, ती चक्क पहिल्या किकला चालू झाली. गिअर टाकला होता, तरी थांबलो आणि मागे वळून ओरडलो,

"गेणबा, येऊ का?"

"व्हय," आतून आवाज आला. "या."